काशिनाथचा अर्धा चिरा

चिरेबाबांनी खोटा चिरा कधी घडवला नाही, आणि त्याचा त्यांना इतका ताठा होता की मला राग यायचा. आमच्या जव्हार भागात वारलेल्या माणसाला दगडात घोड्यावर बसवतात, वर चंद्रसूर्य कोरतात आणि पूर्वजांच्या रांगेत उभे करतात. तो चिरा. दाभोशाचे हे म्हातारे छिन्नी उचलण्याआधी मयताच्या घरी दिवसभर चहा रिचवत बसत आणि एकच विचारत, "हाताना काय करं तो?" मग कोणाच्या हाती कासरा, कोणाच्या कोयता. एका दारुड्याच्या हाती घरच्यांनी पोथी मागितली, तर बाबांनी बाटली कोरली. पुढे कित्येक महिने त्या घराने बाबांना ओळख दिली नाही.

काशिनाथ माझा विद्यार्थी. परदेशातल्या आपल्या वकिलातीत तो अधिकारी झाला आणि तिकडेच तापाने गेला. अग्नीही तिकडेच दिला. दिल्लीत, परमुलखात सेवा करताना वारलेल्यांच्या स्मारकाच्या दगडावर त्याचे नाव लागले. त्याचा फोटो मी मोठ्या अभिमानाने त्याच्या आईला, सोमीबाईंना, फोनवर दाखवला. "यात तो कुठं हाय?" त्यांनी विचारले आणि मला घेऊन थेट बाबांचे घर गाठले.

"हाताना काय करं?" बाबांचा प्रश्न आलाच. सोमीबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग बाबा माझ्याकडे वळले.

"दोन देशांत भांडणं होऊ नयेत म्हणून बोलायचा," मी म्हणालो.

"ह्या झाला तोंडाचा. हाताचा सांगा, गुरुजी."

"पेन कोरा."

"पेन तं तलाठ्याकडं पन हाय."

"बाबा, कोरा की काहीतरी!" मी चिडलो.

"काहीतरी कोरून पोराला परका करू?"

चंद्रसूर्य झाले. कान टवकारलेला देखणा घोडा झाला. त्यावर मात्र कोणीच नाही. बाजारच्या दिवशी सोमीबाई हटकून डोकावत आणि त्यांची चाहूल लागली की बाबा मागच्या दाराने सटकत. एवढा हेकट माणूस एका आईला तोंड चुकवायचा. एकदा मलाच म्हणाले, "माझे हातून होयाचा नाय, गुरुजी." असे ते पूर्वी कधी बोलले नव्हते.

गेल्या माघात बाबा गेले. सोमीबाई जीप घेऊन दगड न्यायला आल्या. दुसरा कारागीर शोधू, तोवर थांबा, असे मी विनवले.

"नको, गुरुजी. घोडा हाय ना. लांबून यायचाय त्याला. येल तवा बसंल."

मी दगडाला हात लावला आणि जीपमध्ये चढवू लागलो.