घुमटाच्या उजवीकडचा झोत

कंपनीतून फोन आला तेव्हा मी एका बिल्डरच्या इमारतीचे फोटो कॉम्प्युटरवर साफ करत बसले होते. आकाश जरा निळं करायचं, विजेच्या तारा पुसायच्या, गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे काढून टाकायचे, असलं काम. पलीकडचा साहेब फार मऊ बोलत होता. कारखान्यातल्या स्फोटाला वर्ष होतंय, म्हणाला. गेलेल्या प्रत्येक कामगारासाठी प्रकाशाचा एक झोत आकाशात सोडणार आहोत, सगळ्या बडोद्याला दिसेल.

"मॅडम, तुम्ही स्वतः फोटोग्राफर आहात असं कळलं. तुम्ही फोटो काढलेत, तर घरच्या माणसाने काढल्यासारखे वाटतील."

"मी घरचीच आहे," मी म्हटलं.

"हो हो, तेच म्हणायचंय मला."

मी नाही म्हणून सांगितलं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, त्यांच्यासाठी नाही तर आपल्यासाठी काढावेत. माझा नवरा त्या कारखान्यात ऑपरेटर होता. भाजलेल्या अवस्थेत त्याला हॉस्पिटलात आणलं, आणि बोलता येत होतं तोवर तो मला एवढंच विचारत राहिला, की उद्याच्या लग्नाला तुझ्याबरोबर कोण जाणार.

कारण त्या दिवशी त्याची शिफ्टच नव्हती. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एका लग्नाचं काम होतं, आणि मोठ्या कामाला तो नेहमी माझ्याबरोबर यायचा. बॅगा उचलायचा, फ्लॅश धरायचा, रुसलेल्या मावश्यांना हसवून फोटोत उभं करायचा. त्यासाठी सुट्टी मिळावी म्हणून त्याने मित्राशी शिफ्ट बदलून घेतली आणि एक दिवस आधी कामावर गेला.

हे माझ्या सासूबाईंना कळलं ते हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये. त्या मित्रानेच रडत रडत सांगितलं. सासूबाईंनी त्याचं ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वळल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या कॅमेऱ्यापायी."

तेव्हा अजून तो आत जिवंत होता.

तो गेल्यानंतर लग्नाची कामं गेली. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही, बडोद्यात माणसं गोड बोलतात. आधीच ठरलेल्या एका लग्नातल्या मुलीच्या आईने फोन केला. "बेन, पीठीमां तमे ना आवता, तमारा माणसने मोकलजो ने." म्हणजे हळदीला मी यायचं नाही, माझा माणूस पाठवायचा. मी फोन हातात धरून उभी राहिले. माझा जो माणूस होता, त्याचे कपडे अजून दांडीवर होते.

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "बरोबरच आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "आपल्या मुलीच्या हळदीत मीही तुला उभी केली नसती."

मग मी इमारती काढायला लागले. नव्या टॉवरांचे संध्याकाळचे फोटो, आकाशात थोडा उजेड आणि घरांतून दिवे लागलेले. इमारतींना शकुन-अपशकुन नसतो.

आम्ही सुभानपुऱ्यात एका जुन्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहायचो. सासूबाई, मी आणि माझा धाकटा दीर. तो फतेगंजला एका ऑफिसात होता, अजून लग्न झालेलं नव्हतं. स्वभावाने वाईट नाही, पण घरात आवाज चढला की मोबाइल घेऊन बाल्कनीत जाणारा. घर सासूबाईंच्या नावावर होतं आणि हे त्या कुठल्याही बोलण्यात आणू शकत. दूध उतू गेलं तरी.

झोतांच्या दिवशी कंपनीने घरच्यांसाठी मैदानावर खुर्च्या ठेवल्या होत्या. सासूबाईंनी जायला नकार दिला. "त्यांच्या खुर्चीवर मी बसणार नाही. गच्चीवरून बघीन." म्हणून दीर त्यांना हाताला धरून गच्चीवर घेऊन आला. मी आधीच ट्रायपॉड लावला होता. पूर्वेकडे स्टेशनापलीकडे विद्यापीठाचा घुमट दिसतो, झोत त्याच्या मागून वर येणार होते. थंडीचे दिवस, हवेत धूर आणि धूळ भरपूर. फोटोला ते चांगलं. हवा अगदी स्वच्छ असली तर झोत दिसत नाही, उजेडाला अडायला काहीतरी लागतं.

सोसायटीतली बरीच मंडळी वर आली होती. उत्तरायणला जशी येतात तशीच, फक्त पतंग नव्हते. कुणी सतरंजी आणली होती, कुणी लीलो चिवडो, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा. पोरं टाकीवर चढली होती. शेजारच्या काकींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि लगेच विचारलं, "आमचा पण एक काढशील ना, लाइट मागे येईल असा?"

मग झोत लागले. एकदम नाही, एकामागून एक. पांढरे, सरळ, घुमटाच्या दोन्ही बाजूंनी वर चढत गेले आणि वरच्या धुरात विरले. मी शटर उघडं ठेवून मनात आकडे मोजत होते. खरं सांगायचं तर ते सुंदर होतं. मला ते सुंदर दिसायला नको होतं, पण डोळा ऐकत नाही. चौकट मी जरा डावीकडे सरकवली, घुमट मधोमध नको म्हणून.

सासूबाईंनी हात जोडले होते. मग त्यांनी दिराला विचारलं, "आपला कुठला?"

"आई, असं नसतं काही."

"प्रत्येकाचा एक म्हणाले ना? मग आपला कुठला?"

तो मोबाइलवर मैदानातलं भाषण लाइव्ह बघत होता. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तसं त्याने मान वर केली आणि बोट दाखवलं. "तो बघ. घुमटाच्या अगदी उजवीकडचा."

"तो?"

"हो, तोच. दादाचा."

तो सरळ खोटं बोलतोय हे मला दिसत होतं. पण सासूबाईंचा चेहरा असा मोकळा झाला की मी काही म्हटलं नाही. त्या कठड्याला धरून त्या एका झोताकडे बघत राहिल्या. ओठ हलत होते. नाव घेत असाव्यात. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते आणि वर्षभरात पहिल्यांदा मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला.

ठेवला नाही. कॅमेरा उजवीकडे वळवला. म्हटलं, यांच्यासाठी याच झोताचा एक वेगळा काढू. भिंग फिरवून तो मध्ये आणला, शटर दाबलं, आणि झोत फडफडला. एकदा, दोनदा. मग गेला. बाकीचे तसेच उभे होते, घुमटाच्या उजवीकडे मात्र काळोखाची एक पट्टी उरली.

गच्चीवरून "अरे!" असा आवाज उठला. टाकीवरचा एक पोरगा हसला.

सासूबाई हळूहळू वळल्या. आधी माझ्याकडे बघितलं, मग ट्रायपॉडकडे, भिंग कुठे रोखलंय तिकडे.

"लावलास ना कॅमेरा त्याच्यावर?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. सगळे ऐकत होते, चढवायची गरजच नव्हती. "तू रोखलास आणि तो गेला. दुसऱ्यांदा."

शेजारच्या काकींनी चिवड्याचा डबा बंद केला. मी दिराकडे बघितलं. मनात म्हटलं, आत्ता बोला, की तो दादाचा नव्हता, मी उगाच बोट दाखवलं. एक वाक्य होतं. तो आईचा दंड धरून म्हणाला, "चल आई, खाली जाऊ. थंडी आहे."

त्या गेल्या. माणसंही पांगली. मी उरलेल्या झोतांचे फोटो काढत राहिले, कारण सामान आवरून त्यांच्या मागोमाग जिना उतरण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं.

आठवड्याने सासूबाईंनी स्वतःहून विचारलं, "फोटो आले का बरे?" मला आशा वाटली. मी दोन चांगले निवडले आणि त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. एकात सगळे झोत लागलेले होते, दुसरा नंतरचा. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही नीट बघितले आणि नंतरच्यावर बोट ठेवलं.

"हा मोठा करून आण. फ्रेम करून."

"आई, यात एक विझलाय. तो पहिला चांगला आहे."

"हाच. हॉलमध्ये लावायचाय. तुझ्या खुर्चीसमोर."

मी आणला. का आणला हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या घरात त्यांनी सांगितलेलं करायची सवय झाली होती, आणि नवऱ्याच्या नावाने काही मागितलं तर नाही कसं म्हणायचं. दिराने खिळा ठोकला. मी जेवायला बसायचे तिथून बरोबर समोर. येणारे जाणारे कौतुक करायचे, काय सुरेख फोटो आहे. मग सासूबाई उठून त्या काळ्या पट्टीवर बोट टेकवायच्या. "इथे माझा मुलगा होता. हिने कॅमेरा लावला आणि विझला." पाहुणे चहाच्या कपात बघायचे. एकदा एका बाईने मला विचारलंही, "खरंच?"

मी दिराला एकट्याला गाठलं. "भावोजी, एकदा सांगून टाका ना त्यांना, तुम्ही सहज बोट दाखवलं होतं म्हणून."

तो बूट घालत होता. "वहिनी, आता कशाला उकरून काढायचं? तिला त्याने बरं वाटतं."

"आणि मला?"

"तुम्ही समजूतदार आहात," तो म्हणाला आणि ऑफिसला गेला.

पुढे कंपनीच्या त्याच साहेबाचा पुन्हा फोन आला. त्यांच्या कॅमेरामनच्या चांगल्या फोटोंत नेमका एक झोत बंद होता. माझ्याकडे सगळे चालू असलेला एखादा असेल का, पुस्तिकेत छापायला? मी विचारलं, "माझ्या नवऱ्याचा कुठला होता?"

तो गोंधळला. "मॅडम, तसं नेमून दिलेलं नव्हतं. लाइट भाड्याचे होते, गरब्याच्या कार्यक्रमांना लावतात तेच. एक गरम होऊन बंद पडला. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

फोटो मी दिला नाही. पण त्याचं ते बोलणं मी जपून घरात नेलं, आजाऱ्यासाठी औषध न्यावं तसं. दुपारी आम्ही दोघीच जेवत होतो. मी म्हटलं, "आई, कंपनीतून फोन होता. तो झोत आपला नव्हता. कुठलाच कुणाचा नव्हता. गरब्यातले भाड्याचे लाइट होते, एक बिघडला."

त्या भात कालवत होत्या. हात थांबला नाही.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"तो खोटं बोलला ते. लहानपणापासून खोटं बोलताना तो तोंडाकडे बघत नाही. आणि लाइटला कुणाचं नाव असतं होय? मी काय खुळी आहे?"

"मग मला इतके दिवस..."

"मग कुणाला बोलू?" त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. डोळे कोरडे होते. "ते कंपनीवाले माझ्या दारात येतात? देव येतो? तू आहेस समोर, तुला बोलते." आणि ताट पुढे सरकवलं. "आमटी वाढ."

मी वाढली. मग माझं ताट उचलून मोरीत ठेवलं आणि खोलीत जाऊन दार लावलं. रडू आलं नाही. उलट सगळं लख्ख दिसायला लागलं. इतके दिवस मी समजत होते की या बाईला खरं कळलं तर ती थांबेल. तिला खरं आधीपासून कळत होतं. थांबायचंच नव्हतं.

शहरातच समा भागात मला एक लहानसा फ्लॅट मिळाला. एक खोली कामाला, एक राहायला. निघायच्या दिवशी दीर सामान उतरवू लागत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "वहिनी, आईकडे कोण बघणार?" सासूबाई हॉलमध्येच बसल्या होत्या. मी पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही.

"फोटो नेऊ नकोस," एवढंच म्हणाल्या.

यंदा कंपनीने झोत लावले नाहीत. कुणाचा फोनही आला नाही. त्याच्या श्राद्धाला मी सकाळी गेले, नैवेद्याचा स्वयंपाक केला, पानं वाढली आणि संध्याकाळच्या आत परत आले. सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मी खीर वाढली ती मात्र खाल्ली.

गेल्या महिन्यात दिराचा फोन आला. आवाज बसलेला होता. आधी इकडचं तिकडचं बोलला, माझं काम कसं चाललंय वगैरे. मग म्हणाला, "वहिनी, आई आता मला म्हणते. तू खोटं बोट दाखवलंस, देवाला ते सहन झालं नाही, म्हणून दादाचा दिवा विझला. परवा मुलीकडची मंडळी बघायला आली होती. त्यांच्यासमोर म्हणाली. उठून फोटोवर बोट ठेवून."

"मग?"

"मग काय. त्यांचा अजून काही निरोप नाही." आणि हळूच म्हणाला, "तुम्ही याल का काही दिवस राहायला? थोडेच दिवस. तुम्ही असलात की ती माझ्याकडे येत नाही."

मला त्याचं वाईट वाटलं. पण फार वाटलं असं मी म्हणणार नाही. बाहेर गाडी उभी होती, एका टॉवरचे संध्याकाळचे फोटो काढायचे होते आणि उजेड थांबत नाही.

"भावोजी, माझं काम आहे," मी म्हटलं आणि ट्रायपॉड उचलला.