डावं बेअरिंग

आमच्या पिकअपच्या मागच्या एक्सलमधलं एक बेअरिंग झिजलं होतं. मी दुसरं बदललं.

जर्मनीत, डार्मश्टाटबाहेर आम्ही भाड्याने बागेचा तुकडा घेतला आहे. माती-खत वाहायला ही जुनी पिकअप. एका गुरुवारी ती मागून 'घूंऽऽ' करू लागली, आणि रविवारी कराडहून आबा येणार होते. आबा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांचं ट्रकचं गॅरेज होतं. लग्न ठरताना मी वर्तमानपत्रात लिहितो हे ऐकून त्यांनी विचारलं होतं, "ते झालं. पण करता काय?"

यंदा उत्तर द्यायची संधी होती. मी फोन लावला.

"सोपं आहे जावईबापू. गोल चौकात फिरवा. आवाज वाढला, की डावं गेलं. कमी झाला, की उजवं."

मी नऊ फेऱ्या मारल्या. (एका फेरीवर बातमी देत नाहीत!) आवाज वाढत होता. मागे बसलेली आमची मुलगी पाचव्या फेरीत म्हणाली, "पापा, मिर इस्ट श्लेश्ट!" आणि सातव्या फेरीत मळमळ कुठवर आलीय ते गळ्याला हात लावून दाखवलं.

शनिवारी तासावर भाड्याने मिळणारं वर्कशॉप गाठलं. लिफ्ट त्यांची, हात आपले. मालक क्लाउस म्हणाला, "आधी दोन्ही चाकं फिरवून बघू?"

"गरज नाही. निदान झालंय."

"नक्की डावं?"

"गेनाऊ!"

सहा तास, दोन सोललेली बोटं आणि क्लाउसचे असंख्य सुस्कारे खर्चून डावं बेअरिंग बदललं. घरी येताना माझी बायको वैशाली म्हणाली, "आवाज तसाच आहे रे."

"नवीन आहे. रुळायला वेळ लागतो."

"बेअरिंग आहे की सून?"

रविवारी फ्रँकफर्ट विमानतळावरून निघताना मी रेडिओ मोठा केला. आबांनी तो बंद केला, डोळे मिटले. घराजवळचा गोल चौक आला. घूंऽऽ!

"उजवं गेलंय."

"आबा, तुम्हीच डावं म्हणालात!"

त्यांनी डोळे उघडून चौक नीट पाहिला. "वळताना वजन बाहेरच्या चाकावर येतं. आपल्याकडे चौकात बाहेरचं चाक डावं. इथं सगळे उलटे फिरतायत! हे फोनवर बोलला नाहीत."

नव्या वार्ताहरांना मी वीस वर्षं बजावत होतो : ठिकाण नसलेली बातमी ही बातमीच नव्हे.

सोमवारी आबांनी क्लाउसचा डगला चढवला. एकाला जर्मन येत होतं, दुसऱ्याला मराठी. दोन तासांत उजवं बेअरिंग बदलून दोघं चहा पीत होते. मग आबांनी मी काढलेलं डावं बेअरिंग बोटावर फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. माझी मान खाली.

"काढलंय मात्र सफाईने. एक ओरखडा नाही," ते म्हणाले आणि बेअरिंग रुमालात गुंडाळून खिशात टाकलं.

आता ते कराडच्या शोकेसमध्ये आहे. आल्यागेल्याला आबा दाखवतात, "जावयांनी स्वतःच्या हातांनी काढलं. जर्मनीत!" ते चांगलं होतं, एवढंच सांगत नाहीत.

माझी एकही बातमी आजवर त्या शोकेसपर्यंत पोहोचलेली नाही. तिथं पोहोचली ती फक्त चूकदुरुस्ती!