त्या सकाळी बारी माझी होती

बाई गेल्याचा निरोप मला भंडाऱ्याला, शाळेच्या मधल्या सुट्टीत मिळाला. तिच्या गावचा माणूस एस.टी.तून उतरून थेट वर्गाच्या दाराशी आला आणि म्हणाला, "गुरुजी, पारबताबाई गेली. चार दिवस ताप होता." माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाईच म्हणायचो… तिशीसुद्धा गाठली नव्हती तिने. महिना होऊन गेला, पण हातात खडू घेतला की अजून चोरट्यासारखं वाटतं. का, ते सांगतो.

आमचं गाव अड्याळच्या बाजूला, घर ढिवराचं. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. शाळा फुकट आहे, असं सरकार म्हणायचं आणि ते काही खोटं नव्हतं. पण आई-बाबा दोघंही मासे धरायला तलावावर गेले की घरातलं रांगतं पोर कोणी पाहायचं, हे सरकारला कोणी विचारलं नाही. आम्ही बहीणभावांनीच तोड काढली होती. धाकटी शेवंता एक दिवस बाईच्या कडेवर, एक दिवस माझ्या. ज्याची बारी नाही, त्याने शाळेत जायचं. बाई चौथीत, मी दुसरीत. मी महालबाड. माझ्या बारीला माझं पोट हमखास दुखायचं. ती हसायची आणि शेवंताला स्वतःच उचलून घ्यायची. "जा बाबू, तुयं पोट शाळेतच बरं होते." एवढ्या खाड्यांवरही वर्गात पहिली तीच.

उन्हाळ्यात तलाव आटत आला की जाळी ओढायची घाई उडते. नेमकी तेव्हाच चौथीची परीक्षा, तीही अड्याळच्या केंद्रावर. गुरुजी पोरांना घेऊन पायीच निघणार होते. बाईने आदल्या दिवशी परकर धुतला, पेन्सिलीला टोक काढलं आणि मला दहादा बजावलं, "उद्याची बारी तुयी हाय. कोठी जाऊ नोको." सकाळी तलावाकडून कल्ला ऐकू आला. चिखलात मांगूर मासे हातानं सापडत होते. आत्ता येतो, असं मनाशी म्हणत मी पळालो… परतलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाई धुतलेला परकर नेसून ओट्यावर बसलेली, मांडीवर शेवंता झोपलेली. कडेवर पोर घेऊन परीक्षेला बसता येत नाही, असं सांगून गुरुजी कधीच निघून गेले होते.

बाबांनी तिला विचारलं, "काहून नाई गेली वं?" तर म्हणाली, "मीच नाई गेली. भेव वाटला."

"एक साल गेला तं काय झालं," बाबा म्हणाले. पुढच्या साली तिचं नाव पटावर नव्हतं. शेवंता रोजच तिच्या कडेवर आणि मी रोज शाळेत. मॅट्रिक झालो, मास्तर झालो. पोरगा हुशार निघाला, असं गाव म्हणायचं. ते मी गुमान ऐकून घेत राहिलो, याची लाज वाटते. दर दिवाळीला ओवाळून घेताना ठरवायचो, आज कबूल करू. जमलं नाही.

परवा तिच्या घरी गेलो. तिची लेक लली, सहावीतली, कडेवर धाकट्या भावाला घेऊन आली आणि प्रगतिपुस्तक पुढे केलं. "मामाजी, याच्यावर सही करा. बाबा म्हणते, गुरुजीले हे वापस देऊन मायं नाव काढून आन. लाहान्याले कोन पायल?"

मी पानं उलटली. पालकाच्या सहीच्या चौकटीत दर वर्षी तेच, मोठ्या गोल अक्षरांत : पारबता, वर्ग चवथा. आमच्या शाळेत पाटीवर नावापुढे वर्ग लिहायची रीत होती. सहीसुद्धा अशीच करतात, असं तिला वाटत असावं. लेक पहिलीतून सहावीत आली, आई चौथीतच राहिली… मला रडू आवरेना.

सही केली नाही. पोराला ललीच्या कडेवरून घेतलं आणि म्हणालो, "तू जा शाळेत. आज मी पायतो याले." इतकं सोपं होतं ते. दप्तर उचलून ती धावतच सुटली. उद्या कोण घेणार, हे तिने विचारलं नाही. माझी भंडाऱ्याची गाडी चारची होती.