जानकी मामीच्या उंबऱ्याचा फोटो

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तो तेव्हा नव्हता. मुलाला सांगितलं नाही, कारण तो ऐकता ऐकता फोन बघतो. देवापुढेही नीट तोंड उघडलं नाही — त्याला माहीत असेल तर सांगायचं कशाला, आणि नसेल तर त्याला सांगून काय फायदा? तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लग्न होऊन चेन्नईजवळ तांबरमला आले तेव्हा नवरा रेल्वेत होता. तो गेला, मुलगा लग्न करून ओरगडमला राहायला गेला. तिथे गाड्यांच्या कारखान्यात त्याची नोकरी आहे. मी इथेच, दुसऱ्या मजल्यावर, एकटी. पाचला उठायचं, पाणी भरायचं, देवाचं करायचं, गुडघ्याला तेल चोळायचं, एक वाटी भात लावायचा. म्हातारपणी दिवस लांब होतो की लहान? मला अजून कळलेलं नाही.

माझ्या समोरच्या दारात जानकी मामी राहायची. तमिळ बाई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तीही एकटी. तिचा एकुलता एक मुलगा रघू अमेरिकेत. माझी तमिळ बाजारात शिकलेली. तिला त्यावर फार हसू यायचं. पण आमचं जमायचं. भांडणंही व्हायची, म्हणजे जमतच होतं.

मामी रोज पहाटे उंबऱ्यासमोर रांगोळी काढायची. इथे त्याला कोलम म्हणतात. तांदळाच्या पिठाची, ठिपके आणि त्यांच्याभोवती न तुटणारी रेघ. सणाला मोठी काढायची आणि बाहेरून गेरूची किनार. तिच्या घरात एकच दिवस उंबरा मोकळा राहिला होता — नवरा गेला तेव्हा. हे इथल्या सगळ्यांना कळतं. दारात रांगोळी नाही म्हणजे घरात काहीतरी झालंय.

रघूने यातूनच एक युक्ती काढली. मामीला फोन ऐकू यायचा नाही, आला तरी दोन मिनिटांत तोडायची. म्हणून तो मला — मलाही तो मामीच म्हणायचा — म्हणाला, "मामी, तुम्ही सकाळी दार उघडता तेव्हा अम्माच्या रांगोळीचा एक फोटो पाठवाल का? तेवढा दिसला की मी निवांत जेवतो." तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. नातीने मला फोटो काढून पाठवायला शिकवलं. चौथी शिकलेल्या बाईला फोनवरून अमेरिकेला फोटो पाठवता येतो, याचा मला गर्व होता. आणि मामीच्या घराची एक किल्ली माझ्याकडे होती. तीही रघूनेच दिलेली.

मामी चेष्टा करायची. "माझ्या मुलाला आईचं तोंड नको, पीठ हवं!" कधी मला म्हणायची, "आज रेघ वाकडी आलीय, उद्याचा पाठव." पण फोटो काढेपर्यंत दारातच उभी राहायची, पदर नीट करून. तिचं तोंड फोटोत येणार नव्हतं, तरी.

आता नव्या वर्षाचं सांगते. चेन्नईत आम्हाला दोन नवी वर्षं. आधी आमचा पाडवा, मग एप्रिलच्या मध्यात तमिळ लोकांचं. पाडव्याला मी गॅलरीत गुढी उभारायची. मामी बघायला यायची आणि दरवर्षी तेच बोलायची, "इतकी चांगली साडी काठीला, आणि स्वतः जुनं नेसलीस?" मुलाला पाडव्याची सुट्टी नाही. तमिळ वर्षाची असते. म्हणून आमच्या घरचं सणाचं जेवण तमिळ वर्षाला, मुलाकडे.

त्या वर्षी त्याने नवं घर घेतलं होतं. तीन खोल्यांचं. तिसरी खोली कोणासाठी, ते मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलं असतं का? पण मनात होतं. ह्या नव्या वर्षाला तो म्हणेल, आई, आता इकडेच ये. मी दोन साड्या आणि औषधांचा डबा पिशवीत भरला होता. एका दिवसाच्या जेवणाला औषधांचा डबा कोण नेतं? मामीने पिशवी बघितली. म्हणाली, "आधी बोलावू दे गं शांता. मग बोचकं बांध." मला राग आला. खरं बोलली म्हणून राग आला.

सकाळी सातला मुलाची गाडी येणार होती. सव्वासहाला मी दार उघडलं.

समोर नवी रांगोळी नव्हती. कालची होती, पुसट, पायांनी मोडलेली. उंबरा झाडलेला नव्हता. दुधाची पिशवी कडीला लटकत होती. नव्या वर्षाची सकाळ — ज्या दिवशी ती पहाटे चारला उठून हातभर रांगोळी घालायची — आणि उंबरा तसाच.

मला कळलं. हे मी आधी सांगून टाकते. मला कळलं नाही, असं झालं नाही.

पण मी काय विचार केला? बेल वाजवली तर ती दार उघडेल, बस म्हणेल, आंब्याची पचडी चाख म्हणेल, कडुलिंबाची फुलं कशी परतली ते सांगेल, आणि माझा अर्धा तास जाईल. गाडी खाली उभी राहील. सून म्हणेल, आईंना कधी वेळेवर निघणं जमलंय का? आणि दार उघडलं नाही तर? तर किल्ली शोधायची, आत जायचं, जे असेल ते बघायचं. मग ओरगडम राहिलं. मग तिसरी खोली राहिली.

आणि रघू तिकडे फोटोची वाट बघत होता. फोटो गेला नाही की तो दहा मिनिटांत मला फोन करतो.

मी आत आले. खुर्चीत बसले. फोनमधले जुने फोटो एकेक करून मागे नेले. सणाची, मोठी रांगोळी हवी होती. मार्गळी महिन्यातल्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या, होत्या खूप, पण त्या महिन्यात मामी रांगोळीच्या मधोमध भोपळ्याचं पिवळं फूल ठेवायची. एप्रिलात ते फूल कुठून येणार? रघूला ओळखू आलं असतं. त्या मी सोडल्या. मग तै महिन्यातल्या, संक्रांतीनंतरच्या, एका देवीच्या शुक्रवारची सापडली. मोठी, गेरूच्या किनारीची, फूल नसलेली. ती पाठवली.

हात चुकला नाही. मी शोधून काढली. एवढी अक्कल मला त्या सकाळी होती.

त्याचं उत्तर लगेच आलं. हात जोडलेले, आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा. खाली गाडी वाजली. मी पिशवी घेऊन मामीच्या दारासमोरून गेले. दुधाची पिशवी माझ्या दंडाला लागली. गार होती.

मुलाकडे काय झालं ते थोडक्यात सांगते. जेवण चांगलं होतं. तिसऱ्या खोलीत सुनेचं ऑफिसचं टेबल आणि चालायचं यंत्र होतं. मला दाखवली ती खोली, "बघा आई, किती उजेड येतो." मी म्हटलं, येतो खरा.

दुपारी पानावर बसले असताना रघूचा निरोप आला, तिकडे झोपायच्या आधी. अम्मा फोन उचलत नाही, देवळात गेली असेल ना? आता इथे तरी मी काय करायला हवं होतं? मुलाला सांगायचं, परत निघू. किंवा खालच्या मजल्यावरच्यांना फोन करायचा, दार वाजवा म्हणून. पण मग सकाळचं बाहेर पडलं असतं. मी फोनवर बोलून पाठवलं, "हो, देवळातच गेली असेल, आज गर्दी असते." आवाज अगदी सरळ आला माझा. आणि मग मी भात कालवला.

सकाळी मला घाई होती. दुपारी घाई नव्हती. दुपारची गोष्ट मला जास्त टोचते.

संध्याकाळी पाचला परत आले. दूध कडीलाच होतं, नासलेलं. मी किल्लीने दार उघडलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात पडली होती. पिठाची वाटी पालथी, तिच्या केसांत पीठ. पहाटे चारला रांगोळीला निघाली आणि पाय घसरला. तेरा तास. जिवंत होती, शुद्धीत होती. मी तोंडात पाणी सोडलं. ती म्हणाली, "आलीस का?" आणि मग म्हणाली, "उंबरा बघून सकाळीच येशील असं वाटलं."

मी जिन्यात आले. खालच्यांना हाका मारल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. रघू दोन दिवसांनी आला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती वेळ पडून होत्या? रघू म्हणाला, "सहाला तिने रांगोळी घातली होती, माझ्याकडे फोटो आहे. म्हणजे त्यानंतर पडली." आणि त्याने फोन काढून तो फोटो त्यांना दाखवला. मग आईसमोर धरला.

मी पायाशी उभी होते. मामीने फोटो बघितला. तिची रांगोळी होती, तिला कळणार नाही? कुठल्या दिवशीची, कुठे रेघ जाड झाली, सगळं कळलं असणार. तिने माझ्याकडे मान वळवली नाही. रघूला म्हणाली, "हो. रांगोळी घालून आत आले आणि पडले."

तिथे मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पांघरूण नीट केलं.

त्यानंतर ती तीन आठवडे होती. मी रोज डब्यात रसम-भात न्यायची. ती माझ्या हातून खायची. एकदा रघू बाहेर गेला होता, तेव्हा ती म्हणाली, "मुलाने काय म्हटलं मग? बोलावलं राहायला?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "बोलावेल. पुढच्या वर्षी बोलावेल." टोमणा होता का? मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या गोष्टीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मीही नाही. छातीत कफ झाला आणि ती गेली. तेरा तास पडून राहिल्यामुळे गेली, की म्हातारपणाने गेली? डॉक्टरीणबाईंना कोणी विचारलं नाही. विचारण्यासारखं माझ्याशिवाय कोणाला काही माहीतच नव्हतं.

याला काही वर्षं झाली. समोरच्या घरात आता एक नवरा-बायको राहतात, नोकरीवाले. मुलाने अजून बोलावलेलं नाही, आणि आता मी पिशवी भरत नाही. नव्या वर्षाला मागते काय? गुडघा चालू दे, पडून राहायची वेळ येऊ नये. हे मागताना मला लाज वाटते, तरी मागते.

रघू दर तमिळ वर्षाला मला फोन करतो. त्याच्या आईच्या आठवणीने रडतो, माझे आभार मानतो. तो फोटो त्याने मोठा करून भिंतीवर लावलाय. अम्माच्या हातची शेवटची रांगोळी म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवतो. आणि दरवेळी एकच विचारतो — मामी, त्या सकाळी फोटो काढताना तुम्ही अम्माला पाहिलंत ना? कशी होती?

पहिल्या वर्षी मी म्हटलं, बरी होती. पुढच्या वर्षी म्हटलं, नवी साडी नेसली होती. यंदाही त्याने विचारलं. मी म्हटलं, दारात उभी होती, पदर नीट करत होती, मला बघून हसली.