माडांच्या शेंड्यांवरचा उजेड

चूक माझीच होती. ती मला लगेच कळली नाही, एवढंच तिच्याविषयी बरं म्हणता येईल. कळल्यावर मी गप्प राहिलो, त्याला मात्र बरं म्हणण्यासारखं काही नाही.

माझं गॅरेज मिठबावच्या वाटेवर आहे, रस्ता खाडी सोडून घाटी चढू लागतो तिथे. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. समुद्राकाठी या कामाला मरण नाही. वाऱ्यातलं मीठ कुठल्याही प्लगमध्ये शिरतं, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि गाडी एकेक गोष्ट विसरायला लागते. कधी काच खाली घ्यायची विसरते, कधी हॉर्न द्यायचा. भाद्रपदात संध्याकाळी खाडीवरून पांढुरकी वाफ वर येते आणि गॅरेजपुढचे माड कमरेपर्यंत तिच्यात बुडतात. मग दूरचा आवाज जवळून आल्यासारखा वाटतो, जवळचा माणूस दूर उभा असल्यासारखा. हात काम करत असतात, मन कुठेतरी तरंगत असतं. हे सबब म्हणून सांगत नाही. त्या दिवसांत तिथे तसंच असतं.

गाडी आमच्या वाडीतल्या एका गृहस्थांची होती. जन्म जहाजावर काढून आता ते घरी बसले आहेत. वाडी त्यांना कप्तान म्हणते. कप्तान ते कधीच नव्हते. त्यांच्या गाडीत समोर हेडलाइटची पिवळी खूण पेटून राहिली होती. या गाड्यांत मागच्या चाकाजवळ, पोटाखाली, एक लहानसा सेन्सर असतो. बोटाएवढ्या दांडीने तो चाकाच्या जोडणीला बांधलेला असतो. मागे ओझं वाढलं की गाडी मागून बसते, पुढून नाक वर करते आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सेन्सरला ते कळतं आणि तो दिव्यांना आपोआप खाली बघायला लावतो. कप्तानांच्या गाडीतली दांडी गंजून ताठ झाली होती, प्लगच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. नवा सेन्सर चतुर्थीच्या आदल्या दिवशी आला. सकाळीच मी तो बसवला. पण नव्या सेन्सरला त्याचं शून्य शिकवावं लागतं, म्हणजे सपाट जमिनीवर, गाडी रिकामी ठेवून, स्कॅनरने सांगावं लागतं की ही तुझी सरळ उभी राहायची जागा. सकाळी लाइट नव्हती, स्कॅनर मेलेला. मी कप्तानांना संध्याकाळी यायला सांगितलं.

ते आले, पण रिकामे आले नाहीत. गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागेतून, मूर्ती घेऊन ते परस्पर माझ्याकडे वळले होते. मागच्या सीटवर त्यांची बायको आणि बहीण, दोघींच्या मांडीवर मिळून पाट, पाटावर रुमालाने तोंड झाकलेला गणपती. डिकीत नारळ, तांदळाचं पोतं आणि माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या चौकटीला, बांधायची फळं. रानातल्या ओल्या पानांचा वास काचेतून बाहेर येत होता.

"पाच मिनटांत कर रे," कप्तान म्हणाले. "मूर्त गाडयेत आसा."

"वयनी, जरा उतरा बघया. गाडी रिकामी होयी."

"आणि ह्येका खंय ठेवू?" बहीण म्हणाली. "तुझ्या त्या टायरार?"

"कोणाच्या तरी हातात..."

"शाळेतसून उचललेलो गणपती वाटेत उतरवतत? तुझ्या बापाशीन तुका ह्याच शिकवल्यान?"

कप्तान हसले. मीही हसलो. बापाने मला नीटच शिकवलं होतं. आमच्याकडेही उचललेला गणपती घरी पोचेपर्यंत कुठे टेकवत नाहीत. चतुर्थी झाल्यावर या, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण आमचा गणपती अजून शाळेतच होता आणि घरून सारखे फोन येत होते. मी स्कॅनर लावला. त्याने पडद्यावर विचारलं, गाडी रिकामी आहे का? मी होय दाबलं. पिवळी खूण विझली. समोरच्या भिंतीवर मी दिवे तपासायला एक आडवी रेघ मारून ठेवली आहे. झोत त्या रेघेच्या खाली पडतो का, तेवढंही पाहिलं नाही. बहिणीने काचेतून मला एक पेढा दिला आणि गाडी वाफेत शिरली.

म्हणजे मागून वाकून उभ्या असलेल्या गाडीला मी सांगितलं होतं, हेच तुझं सरळ. त्या दिवसापासून ती गाडी रिकामी असो की भरलेली, तिचे दिवे तेवढेच वर बघत राहिले.

आमच्याकडे गणपती घरात असेपर्यंत मासळी बंद असते. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सगळी वाडी बंदराकडे कान लावून बसते. त्या दिवशी आमच्या शेजारच्या काकीला उसंत नसते. ती स्कूटरला बर्फाची पेटी बांधून वाड्यावाड्यांतून मासे विकते. काका गेल्यानंतर चाळिशी उलटल्यावर ती स्कूटर शिकली. आमच्याच आवारात शिकली आणि शिकताना माझी पाण्याची पिंपं दोनदा पाडली. त्या दिवशी तिने दोन खेपा केल्या. दुसरीवरून दिवेलागणीला परत येत असताना ओढ्यावरच्या साकवाजवळच्या वळणावर समोरून कप्तानांची गाडी आली. काकी रस्ता सोडून भातात गेली. मनगट मोडलं.

कप्तानांनीच तिला उचलून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी जिथेतिथे शपथेवर सांगितलं की दिवे खालचेच होते, आणि ते खरं होतं. बटण खालच्याच दिव्याचं दाबलेलं होतं.

"समोर पांढरा फटक झाला बघ," पाहायला गेलो तेव्हा काकी मला म्हणाली. हात प्लास्टरात, तोंड तेवढंच चालू. "जसा काय कोणी दुधाचो टोप तोंडार ओतलो. रस्तो नाय, साकव नाय. डोळे गेले रे माझे."

"असा कसा होयत, काकी."

"मग काय झाला? कप्तान खोटा बोलता?"

दोडामार्गाला दिलेली तिची मुलगी आली होती. ती आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मोतीबिंदू नुकता धरू लागलाय, एवढ्यात काही करायला नको, असं डॉक्टर म्हणाले. पण मोतीबिंदू हा एक शब्द वाडीला पुरला. स्कूटर आता पुरे, असं जो तो सांगू लागला. मीही मान हलवली. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

ते कळलं एका संध्याकाळी. मी गॅरेजच्या दारात चहा घेत उभा होतो. वाफ खाली पसरलेली, आकाशात थोडा जांभळा उजेड. घाटीच्या पायथ्याशी एक गाडी वळली आणि वर येऊ लागली. तिचा झोत रस्त्यावर पडण्याआधी माडांच्या शेंड्यांना लागला. झावळ्या एकामागून एक पांढऱ्या होत गेल्या, जणू कोणी वरून हात फिरवत चाललं होतं. एक बगळा उडाला, उजेडात क्षणभर कागदासारखा दिसला आणि गेला. मला ते सुंदर वाटलं. खोटं कशाला बोलू, आधी सुंदरच वाटलं. मग गाडी माझ्यासमोर आली, माझे डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांत काकीच्या टोपातलं दूध सांडलं. उघडून पाहिलं तर गाडी कप्तानांची.

दुसऱ्या दिवशी मी कप्तानांना बोलावून घेतलं. प्लग उघडला, कोरडा आणि स्वच्छ. दांडी हलवून पाहिली, मोकळी. सेन्सर चांगला होता. मग रिकाम्या गाडीला स्कॅनर लावला. आकडा शून्यावर असायला हवा होता. तो शून्यापासून लांब, वाकून बसलेला. गाडी भिंतीसमोर घेऊन दिवे लावले. झोत माझ्या रेघेच्या वर चांगला वीतभर पडला होता.

"आता काय झाला?" कप्तानांनी विचारलं.

"काय नाय. नवीन पार्ट आसा, एकदा परत बघूचो लागता."

टायरांत हवा भरली, डिकीतली जॅक सोडून सगळी अडगळ बाहेर काढली, गाडी सपाट फरशीवर उभी केली आणि शून्य नव्याने शिकवलं. झोत भिंतीवरून हळूच उतरला आणि रेघेखाली जाऊन थांबला. कप्तान मला शाबासकी देऊन गेले. मी ती घेतली.

त्यानंतर कितीतरी दिवस मी काकीच्या घरावरून जाताना फोन कानाला लावून जात असे. फोनवर कोणी नसायचं. स्वतःला सांगायचो, मोतीबिंदू आहेच ना, डॉक्टरच म्हणालेत, आज नाही तर उद्या ती पडलीच असती. संध्याकाळी वाफ वर आली की मात्र हे काही टिकत नसे. अर्धवट झोपेत मला ती वाफेतून चालत येताना दिसायची, डोक्यावर टोपली घेऊन, एका हाताने माडांचे बुंधे चाचपत.

प्लास्टर निघाल्यावर ती खरंच पायी फिरू लागली. डोक्यावर टोपली, आणि उन्हं उतरायच्या आत घरी. मग एक दिवस मुलीच्या नवऱ्याकरवी तिने स्कूटर माझ्या दारात आणून लावली आणि स्वतः मागून चालत आली.

"तुझ्याकडे चार माणसा येतत. बघ कोण घेता काय," ती म्हणाली. "आणि झिला, घेणाऱ्याक सांग हां, गाडी बरी आसा. म्हातारीच आंधळी झाली."

स्कूटर मी धुतली. चाकांत अडकलेला भाताचा पेंढा काढला, मिठाने धरलेली ब्रेकची तार बदलली. आठवडी बाजाराच्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं, फिरवून पाहून खूश झालं आणि विचारू लागलं, चांगली गाडी बाई विकते कशाला? मी काकीने सांगितलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण म्हणालो, "विकायची नाही." तो माणूस चिडून गेला.

स्कूटर चालवत मी काकीच्या घरी गेलो. ती दारातल्या खळ्यात सुकत घातलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, हाताने परतत होती आणि कावळ्यांना शिव्या देत होती.

"गिऱ्हाईक इला नाय?"

"इला. मी परत धाडलंय."

"कित्या? तुकाच होयी काय?"

मी स्कूटर स्टँडवर लावली आणि तिच्यासमोर सारवलेल्या जमिनीवर बसलो. कप्तानांचा नवा सेन्सर, मांडीवरचा गणपती, मी दाबलेलं होय, माडांवरचा उजेड, सगळं सांगितलं. दिवे नीट करूनही गप्प बसलो, तेही सांगितलं. ती सुंगटं परतायची थांबली. एक कावळा खळ्यात उतरला तरी तिने त्याला हाकललं नाही.

"म्हणजे तुका म्हायत होता," ती हळूच म्हणाली, "आणि मी रोज त्या कॅलेंडरावरचे आकडे वाचून बघी, दिसतत काय नाय."

"होय."

"शिरा पडो तुझ्या तोंडार, मेल्या."

"पडांदे," मी म्हटलं. "काकी, तुझे डोळे गेले नाय. तुका दिसला नाय, ता माझ्या कामामुळे. हात मोडलो तो माझ्यामुळे, आणि इतके दिवस तू स्वताक आंधळी म्हणत रवलंस, तीही माझीच चूक. माका माफ कर."