साऱ्या गल्लीला एकच पत्ता

आई गेल्यावर तिच्या खोलीतल्या भिंतीवरून मी दोन कॅमेरे उतरवले. एक जुना, एक नवाकोरा.

लकव्यानं तिची वाचा गेली होती. आष्टीजवळचं गाव सोडायला ती तयार नव्हती आणि माझी नोकरी बीडच्या कॉलेजात. दिवाळीनंतर अर्धी गल्ली ऊसतोडीला गेली. तिच्याजवळ शेजारच्या मावशी तेवढ्या उरल्या. त्यांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून कॅमेरा. दुपारच्या सुट्टीत मी मोबाइलवर तिला बघायचो, हाक मारायचो. कॅमेऱ्यातून आवाज जायचा आणि ती मान वळवून वर बघायची. आमचं बोलणं एवढंच.

एका दुपारी चित्र आलंच नाही. गावात इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याला फोन केला.

"सर, पत्ते संपले," तो म्हणाला. इंटरनेटवर प्रत्येक घराला आकड्यांचा एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे पत्ते पुरेनात, म्हणून त्यानं साऱ्या गल्लीला मिळून एकच दिला होता. आतून बाहेर जाता येत होतं. बाहेरून नेमकं आईच्या घरात शिरायला वाट उरली नव्हती.

"नव्या पद्धतीचे पत्ते निघालेत ना?"

"लई हायेत. पण तुमच्या कॅमेऱ्याला ते कळत न्हाईत. अन् घरोघरी बसवलेल्या माझ्या इंटरनेटच्या डब्यांना बी कळत न्हाईत."

"मग डबे बदला की."

"कावून? पोरांचे रील चालू हायेत, म्हाताऱ्यांचं कीर्तन चालू हाय. अख्ख्या गावात तुमचंच एकट्याचं अडलंय!"

बीडचा कॅमेरेवाला म्हणाला, "नवे पत्ते कळणारा कॅमेरा कुणी मागतच न्हाई. आधी केबलवाल्याला नवे पत्ते द्यायला लावा." केबलवाला म्हणे, आधी कॅमेरे येऊ द्या. माझ्या हातातल्या मोबाइलला मात्र नवा पत्ता केव्हाच मिळालेला होता. मी दोघांना हात जोडले. परीक्षा चालू होत्या, रजा मिळेना. मावशींना त्यांचा फोन आईच्या कानाशी धरायला सांगितलं, तर म्हणाल्या, "ढकलून देती."

शेवटी कॅमेरेवाल्यानं वेगळा कॅमेरा मागवून दिला; तो घरातून चित्र आपल्या कंपनीकडे पाठवायचा आणि तिथून, आडवाटेनं, ते मला दिसायचं. रविवारी तो घेऊन गेलो. आईनं मला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"रोज दुपारी वर बगत बसायची," मावशी म्हणाल्या. "आवाज ईना. मग घास बी घेईना. तिला वाटलं, तुमी बगायचं सोडलं."

मी तिच्या उशाशी बसलो. पत्ते कसे संपले, नवे असूनही का मिळत नाहीत, कोण कुणासाठी थांबलंय, सगळं सांगितलं. वर्गात सांगतो तसं सोपं करून सांगितलं. माझ्याच कानांना ती थाप वाटत होती. ती वळली नाही.

कॅमेरा बसवून परतलो. दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र अगदी स्वच्छ आलं. त्यात तिची पाठ होती. सुट्टी संपेपर्यंत मी हाका मारत राहिलो.