फौजदारबाई आणि लंबकाचं उत्तर

कॉलेजात त्यांना फौजदारबाई म्हणत. खरं तर त्या इतिहास शिकवायच्या, आणि आवाज इतका हळू की मागच्या बाकावर छान झोप लागावी. पण कॉपीच्या तक्रारी ज्या चौकशी समितीपुढे जात, तिचं अध्यक्षपद कोणालाच नको होतं. पोरांचे शिव्याशाप कोण घेणार? सगळ्यांनी हात झटकले, आणि बाई त्या दिवशी रजेवर होत्या म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं. घरी नवरा विचारायचा, "काय, आज कोणाला आत टाकलं?" बाई म्हणायच्या, "आधी भांडी घासा, नाहीतर तुमचाच नंबर लागेल."

त्यांची पद्धत सरळ होती. आरोप असलेल्या मुलाला बसायला खुर्ची द्यायची आणि जे काम चोरीचं म्हणतात तेच समोर पुन्हा करायला लावायचं. रडारडीने त्या विरघळत नसत आणि प्राध्यापकांच्या आरडाओरड्यालाही भीक घालत नसत.

त्या वर्षी पदार्थविज्ञानाच्या सरांनी पहिल्या वर्षातल्या एका मुलीची तक्रार आणली. प्रयोग साधा होता. दोऱ्याला टांगलेला गोळा झुलवायचा, स्टॉपवॉच लावून झोके मोजायचे आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. तो नऊ पॉइंट आठ यायला हवा, हे पुस्तकातच छापलेलं. त्याच टेबलावर प्रयोग केलेल्या बाकी सगळ्यांचा तसाच आला होता. हिचा आला नऊ पॉइंट एक.

"हिने प्रयोग केलेलाच नाही," सर म्हणाले. "घरी बसून आकडे ठोकलेत. तेही धड ठोकता आले नाहीत."

आरोप सिद्ध झाला तर मुलीचं वर्ष वाया जाणार होतं. समिती बसायलाच महिना गेला. मुलगी मान खाली घालून आली आणि म्हणाली, "मॅडम, मी केला होता प्रयोग. जे आलं ते लिहिलं."

"मग चल, करून दाखव."

सगळा लवाजमा प्रयोगशाळेत गेला. मुलीने दोरा मोजला, गोळा सोडला, त्याच टेबलावरचं स्टॉपवॉच दाबलं. मग हिशेब मांडला. उत्तर आलं नऊ पॉइंट एक. सरांनी भुवया चढवल्या, तिला बाजूला केलं आणि स्वतः प्रयोग केला. त्यांचंही तेच! मग त्यांनी ते स्टॉपवॉच आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. ते भलतंच पुढे पळत होतं.

मुलगी सुटली. सर तिला सॉरी म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. पण बाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

"सर, घड्याळच बिघडलेलं होतं, तर याच टेबलावर बाकीच्यांचं उत्तर बरोबर कसं आलं?"

सर हसले. "अहो, उत्तर आधीच ठाऊक असतं. पोरं मागून आकडे बसवतात. सगळीकडे असंच चालतं. आम्ही तरी शिकताना काय वेगळं केलं?"

बाईंचा पारा चढला. त्या तडक प्राचार्यांकडे गेल्या. "बोलवा सगळ्या वर्गाला समितीपुढे," म्हणाल्या. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. अख्खा वर्ग दोषी ठरवला तर कॉलेजची अब्रू चव्हाट्यावर! बरीच घासाघीस झाली आणि ठरलं असं, की कोणावरच ठपका ठेवायचा नाही, नवी स्टॉपवॉच आणायची आणि सगळ्यांनी प्रयोग पुन्हा करायचा. सगळ्यांनी म्हणजे त्या मुलीनेसुद्धा. बाईंनी होकार दिला. त्या होकारापायी त्यांना पुढे स्वतःचाच फार राग आला.

हिच्यामुळे नसती कटकट मागे लागली म्हणून वर्गाने मुलीशी बोलणं टाकलं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी ती बाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू? उद्या जे येईल ते लिहू, की जे यायला हवं ते?"

"हे काय विचारणं झालं?" बाई उसळल्या.

"मी खरं लिहिलं तर महिनाभर चोर ठरले. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. बाकीच्यांनी खोटं लिहिलं, त्यांना कोणी चकार शब्द विचारला नाही."

ती कुरकुर करत नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"जे येईल ते लिही," बाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण आपलाच आवाज त्यांना पोकळ वाटला. मुलगी "बरं, मॅडम" म्हणून निघून गेली.

चार दिवसांनी सर मोठ्या खुशीत निकाल घेऊन आले. धाक बसला होता. या खेपेला पोरांनी जे आलं तेच लिहिलं होतं. कोणाचं उत्तर नऊ पॉइंट सहा, कोणाचं दहा, कोणाचं साडेनऊ. वर्गात एकटीचंच नेमकं नऊ पॉइंट आठ होतं, त्या मुलीचं.

"बघा, शिकली की नाही!" सर म्हणाले.

खरंच तेवढं आलं असेलही. पण तिला बोलावून विचारायला बाईंना तोंड उरलं नव्हतं.